सात नंबरच्या रिंगा

तुम्ही नोकरी कसली करत होता, असं कुणी विचारलं की मी सांगते, रबर ताणत होते. लोक हसतात. हसू देत बापडे. सव्वीस वर्षं वाळूजच्या एका रबर कारखान्यात मी हेच केलं, आधी कामगार म्हणून आणि मग इन्स्पेक्टर म्हणून. त्यावर दोन मुलींची शिक्षणं झाली आणि लासूर स्टेशनच्या घरावर पक्का स्लॅब आला. कोणत्या साली कोणती बढती मिळाली हे लिहून तुम्हाला पिडणार नाही. एका रिंगेचं प्रकरण सांगते. त्यात माझी एक मोठी चूक आहे, पण ती वगळून हे सांगता येत नाही.

आधी काम समजून घ्या. कुकरच्या झाकणात असते ती रबरी रिंग तुम्ही पाहिली असेल. तिचीच लहान-मोठी भावंडं पंपात, मोटरसायकलीत, नळाच्या तोटीत बसलेली असतात. दोन भाग जिथं जोडले जातात आणि मधून पाणी किंवा तेल गळू द्यायचं नसतं, तिथं रिंग. कच्चं रबर साच्यात दाबून भाजलं की रिंग तयार होते, पण तिच्या कडेला पातळ पापुद्रा राहतो, करंजीची कड कातरायची राहून जावी तसा. तो पातीनं काढायचा म्हणजे ट्रिमिंग. रिंग लाकडी गोल ठोकळ्यावर चढवायची, डाव्या हातानं ठोकळा फिरवायचा, उजव्या हातानं पाती चालवायची. प्रत्येक मापाच्या रिंगेला तिचा ठोकळा ठरलेला. आमच्याकडं हे काम सगळं बायकांचं. पुरुषांना त्या खात्यात घालून पाहिलं होतं, आठवड्यात पळाले.

ट्रिमिंगमध्ये प्रत्येकीला नंबर असायचा. काम केलेल्या ट्रेमध्ये आपल्या नंबरची चिठ्ठी टाकायची, म्हणजे चूक कुणाची ते कळतं. सात नंबर झुबेदाआपांचा. हर्सूलहून यायच्या, डोक्यावरचा पदर कानामागं घट्ट खोचलेला आणि बोटं लांबसडक. मला काम त्यांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे दम देऊन शिकवलं. हळू आवाजात दम देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी एक शहाणपणा केला. माझ्या रिंगा ठोकळ्यावर सैल वाटायच्या, पाती चालवताना फिरायच्या. मी गुपचूप मोठ्या मापाचा ठोकळा घेतला. रिंग ताणून चढवली की गच्च बसायची आणि काम सरसर व्हायचं. काढली की परत आपल्या मापावर. मापाच्या गेजवर लावून पाहिली, बरोबर. म्हटलं, एवढी वर्षं या बायकांना हे सुचलं कसं नाही! त्या दिवशी माझा ट्रे सगळ्यांच्या आधी भरला.

आपांनी ट्रेमधली एक रिंग उचलली, दोन अंगठ्यांत धरून जराशी ओढली आणि ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. मग विचारलं, कुठल्या ठोकळ्यावर केल्या. मी खोटं सांगितलं. त्या वाकल्या आणि माझ्या टेबलाखालचा मोठा ठोकळा बाहेर काढला.

“मापावर येतं गं ते परत,” आपा म्हणाल्या. “पण त्याला कळलेलं असतं, किती ताणलं ते. विसरत नाही.”

मग त्यांनी मला हात न लागलेली एक रिंग आणि माझी एक रिंग ओढायला दिली. कोरी रिंग पहिल्यापासून ताठ, ओढू द्यायला तयार नाही. माझी मात्र सहज आली, आली, आणि एका जागी पोचल्यावर अचानक कोरीसारखी ताठ झाली. ती जागा म्हणजे बरोबर त्या मोठ्या ठोकळ्याचा घेर. असली रिंग पंपात बसवली तर पकड सैल पडते आणि महिन्या-दोन महिन्यांत गळती सुरू होते. आपांनी तो अख्खा ट्रे माझ्याच हातानं कापून भंगारात टाकायला लावला. एकेक रिंग कापताना रडत होते मी. आपा शेजारी बसून आपलं काम करत होत्या.

तुम्हाला खोटं वाटत असेल तर फुगा फुगवून बघा. पहिल्यांदा गाल दुखतात. हवा सोडा, परत फुगवा, सहज फुगतो. फुगा दिसायला लहान झाला, पण आधी कुठवर गेला होता ते त्यानं धरून ठेवलंय. पुढं आमच्याकडं रबर मिसळायच्या खात्यात एक केमिस्ट आला, त्यानं मला समजावून सांगितलं. रबराच्या आत धागे असतात, पण कापडासारखे ओळीत नाहीत, सगळा गुंता. ताणलं की त्या गुंत्यातल्या काही पकडी सुटतात आणि सोडल्यावर पूर्वीसारख्या लागत नाहीत. जेवढं ताणलं तेवढ्याच सुटतात, त्यापुढच्या शाबूत राहतात. म्हणून ते एका जागी ताठ होतं. तो हे मोठ्या थाटात सांगत होता. मी म्हटलं, साहेब, हे आमच्या सात नंबरला केव्हाच ठाऊक आहे.

आता मुद्द्यावर येते. दहा-बारा वर्षं गेली. मी परीक्षा देत देत इन्स्पेक्टर झाले, टेबल मिळालं, शिक्का मिळाला, कामगार मॅडम म्हणू लागले. आपा मात्र ट्रिमिंगमध्येच. लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळं बढती नाही. अवघड काम मात्र सगळं त्यांच्याकडं. चिकलठाण्याकडच्या एका पंप कारखान्याची रिंग होती, तिला जरा इकडं-तिकडं चालायचं नाही, म्हणून ती फक्त सात नंबरनंच करायची असा आमच्याकडं नियमच होता.

एक दिवस त्या पंप कारखान्यातून पेटी आली. अडतीस रिंगा, गळलेल्या पंपांतून काढलेल्या. सोबत पत्र, की ट्रिमिंग करताना कड कापली गेली आहे, दोषी कोण ते कळवा, नाहीतर माल दुसरीकडून घेऊ. त्या दिवशी माझ्या टेबलावर कामाचा ढीग होता. मी चार-पाच रिंगा भिंगाखाली धरल्या. दोन रिंगांच्या कडेला बारीक ओरखडा दिसला. खाली लिहिलं, ‘पातीचा कट. ट्रिमर नंबर ७.’ शिक्का मारला, सही केली. पाच मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी आमचे क्वालिटी मॅनेजर देशपांडेसाहेब यांनी आपांना बोलावलं आणि उद्यापासून येऊ नका, काय ते कळवू, असं सांगितलं. अडतीसच्या अडतीस रिंगा सात नंबरच्या, आणखी काय पुरावा पाहिजे? ती रिंग दुसरी कुणी करतच नव्हती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही आलं. आपा माझ्या टेबलाजवळून गेल्या. मी मान वर केली नाही, हे मला आजही बोचतं.

त्यांच्या जागी कुणाला बसवायचं ते ठरवताना मी नमुन्याला त्याच मापाची एक कोरी रिंग काढली आणि सवयीनं दोन अंगठ्यांत धरून ओढली. ताठ. मग परत आलेल्या पेटीतली एक ओढली. सहज आली, आली, आणि थांबली. ही रिंग कुणीतरी ताणलेली होती.

मग मात्र मी हलले नाही. भिंतीला खिळा ठोकला, स्टोअरमधून वजनाचा स्प्रिंगकाटा आणला आणि एकेक रिंग खिळ्याला अडकवून काट्यानं ओढायला बसले. कुठं ताठ होते तिथं भिंतीवर पेन्सिलीची खूण. पहिली, दुसरी, दहावी, अडतिसावी. सगळ्यांची खूण एकाच रेघेवर! माणसाच्या हातानं ताणल्या असत्या तर प्रत्येकीची जागा वेगळी निघाली असती. या सगळ्या कुठल्यातरी एकाच गोल वस्तूवर चढवलेल्या होत्या. आपांनीच केलेल्या, आमच्याकडं नमुन्याला राखून ठेवलेल्या त्याच घाण्यातल्या, म्हणजे त्याच खेपेला भाजलेल्या रिंगा ओढल्या, एकीचीही तशी खूण नाही. आमचे सगळे ठोकळे मोजले, त्या घेराचा एकही नाही. आणि तो ओरखडा? पंपातून रिंग उचकटताना स्क्रू ड्रायव्हर लागला होता त्याचा. परत भिंगाखाली धरल्यावर लख्ख दिसलं. आधी बघायला पाहिजे होतं, पण मी कट शोधत होते म्हणून मला कट दिसला.

देशपांडेसाहेब वाईट माणूस नव्हते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, भिंतीवरच्या रेघा बघून ते लोक मानतील का? ती गोल वस्तू दाखवा, मी स्वतः आपांना आणायला जातो.

वस्तू शोधायची तर माप बरोबर न्यायला पाहिजे. ट्रिमिंगच्या बायकांनी तिथल्या तिथं तोड काढली. भिंतीवरच्या खुणेवरून घेर काढला, आणि प्रत्येकीनं आपल्या हातातली बांगडी उतरवून फितीनं मोजून पाहिली. अडीचची मोठी झाली, सव्वादोनची लहान. मधलं माप, म्हणजे दोन-सहा, ते बरोब्बर आलं. पितळेची एक दोन-सहाची बांगडी त्यांनी माझ्या हातात दिली. आपांच्या शेजारी बसणारी कमल म्हणाली, “मॅडम, ही ज्याच्यावर बसंल तो चोर. रिकाम्या हातानं माघारी यायचं नाय.”

पंप कारखान्याचे बोरसेसाहेब मोठे मिजासखोर. मी बांगडी घेऊन आले म्हटल्यावर आधी त्यांना खरंच वाटेना. मग पंप जोडायच्या लाइनवर घेऊन गेले, चार माणसं गमतीनं मागं. मी जे गोल दिसेल त्याच्यावर बांगडी चढवून बघत होते. पाण्याचा पेला, तेलाचा डबा, बॅटरी, रेलिंगचा पाइप, कुणाच्या तरी थर्मासचं झाकण. काहींवरून घसरून पडायची, काहींवर चढायचीच नाही. एकानं मागून विचारलं, बाई, कुणाचं लग्न ठरवायला आलात का. मी त्यांच्याबरोबर हसले, पण आतून रडू येत होतं. जेवणाची सुट्टी झाली, लाइन रिकामी झाली आणि मी एका स्टुलावर बसून राहिले.

त्या लाइनवर पंपात रिंगा बसवणारे रंगनाथमामा म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. डबा खायला न जाता ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या हातातली बांगडी घेतली, खुंटीवरची ग्रीस गन, म्हणजे यंत्रात ग्रीस भरायची पिचकारी, उतरवली आणि तिच्या नळकांड्यावर बांगडी सरकवली. चपखल बसली. ना सैल, ना घट्ट.

“बाई, हेच हुडकताय ना?” मामा म्हणाले. “मीच चढवतो त्याच्यावर. मला काय ठावं, त्याच्यानं कुणाची नोकरी जाईल म्हणून?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. पंपाच्या दांड्याला एक उंच कड आहे, तिच्यावरून रिंग पलीकडं ढकलावी लागते. पूर्वी त्या कडेवर घालायला एक पितळी टोपी होती, तिच्यावरून रिंग अलगद घसरायची. चार महिन्यांपूर्वी लाइन एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये हलवली, तेव्हा ती टोपी हरवली. कुणी नवी करून दिली नाही. नव्या कोऱ्या रिंगा लई ताठ. ढकलून ढकलून मामांचे अंगठे फुटले, त्यांनी ते मला दाखवले. मग त्यांना युक्ती सुचली. सकाळी आल्या आल्या पन्नास रिंगा ग्रीस गनवर चढवून ठेवायच्या, चहा होईपर्यंत मऊ पडतात आणि मग पटापट बसतात. मला माझा मोठा ठोकळा आठवला. तोच शहाणपणा! मी त्यांना म्हटलं, मामा, मीही हेच केलंय, माझा तर अख्खा ट्रे भंगारात गेला होता. ते पहिल्यांदा हसले.

बोरसेसाहेबांना मी ग्रीस गन दाखवली. मामांचं नाव घेतलं नाही, मामांनी स्वतःच पुढं येऊन कबूल केलं. पण साहेब कसले ऐकतात? म्हणाले, हा योगायोग आहे. रबर ताणलं की परत येतं, म्हणून तर त्याला रबर म्हणतात. त्यांच्या मते ताणलेली आणि न ताणलेली रिंग कुणालाच ओळखता येणार नव्हती. मी म्हटलं, आमच्याकडं एक बाई आहेत, डोळे मिटून ओळखतात. स्टोअरमधून वीस कोऱ्या रिंगा घ्या, वाटेल तेवढ्या ग्रीस गनवर चढवा, कुठल्या ते लिहून खिशात ठेवा. उद्या मी त्यांना घेऊन येते.

बोलून बसले आणि मग सुचलं, आपा येतील का? हर्सूलला त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. बस म्हणाल्या, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, अहवाल मी लिहिला होता हेही सांगितलं. त्यांना माहीत होतं. बराच वेळ त्या तांदूळच निवडत राहिल्या. शेवटी एवढंच विचारलं, की उद्या किती वाजता.

दुसऱ्या दिवशी आपा, मी आणि देशपांडेसाहेब पंप कारखान्यात गेलो. बोरसेसाहेबांच्या टेबलावर वीस रिंगा मांडलेल्या होत्या, दिसायला जुळ्या. काचेच्या दारापाशी लाइनवरची माणसं गोळा झाली होती, त्यात रंगनाथमामा. आपांनी पदर खोचला, हात पुसले. डोळे मिटले नाहीत, छताच्या पंख्याकडं बघत राहिल्या आणि एकेक रिंग दोन अंगठ्यांत धरून चाचपू लागल्या. काही डावीकडं, काही उजवीकडं. दोन मिनिटांत काम संपलं. डावीकडं बारा कोऱ्या. उजवीकडं ताणलेल्या आठ.

बोरसेसाहेबांनी खिशातून कागद काढला आणि त्यांचा चेहरा फुलला. ताणलेल्या सातच होत्या. म्हणाले, एक चुकली, झालं? दारातल्या माणसांचे चेहरे पडले. आपांनी त्या आठांतली एक वेगळी काढून त्यांच्यापुढं सरकवली.

“ही तुमच्या त्या गनवरची नाही, साहेब,” त्या शांतपणे म्हणाल्या. “ही त्याच्याहून बारीक कशावर तरी चढवलेली आहे. पण ताणलेली आहे.”

बोरसेसाहेबांनी ती रिंग हातात घेतली, उलटीपालटी केली. मग त्यांची नजर टेबलावरच्या पाण्याच्या स्टीलच्या पेल्यावर गेली. आदल्या दिवशी फोनवर बोलता बोलता चाळा म्हणून त्यांनी स्वतःच एक रिंग त्या पेल्यावर चढवली होती, मग काढून बाकीच्यांत टाकली. हे त्यांनी स्वतः सांगितलं, तोंड एवढंसं करून. त्याबद्दल मी त्यांना मानते. दारातून रंगनाथमामांनी जी टाळी वाजवली, तिच्या मागोमाग अख्खी लाइन टाळ्या वाजवायला लागली. बोरसेसाहेब उठून उभे राहिले आणि आपांना खुर्ची दिली. सव्वीस वर्षांत मी असा दिवस दुसरा पाहिला नाही. मला ओरडावंसं वाटत होतं.

परत जाताना देशपांडेसाहेबांनी आपांना गाडीत पुढं बसवलं. मी मागं. वाळूज येईपर्यंत मीच बडबडत होते, भिंतीवरच्या रेघा, बांगडी, ग्रीस गन. आपा ऐकत होत्या. कारखान्याच्या गेटवर उतरल्यावर त्यांनी माझा हात धरला.

“रबराला विचारायला एवढी फिरलीस बेटा,” आपा म्हणाल्या. “सही करायच्या आधी मला एकदा विचारलं असतंस, तर बसल्या जागी सांगितलं असतं.”

त्या रागानं म्हणाल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. त्याच दिवशी मी पहिला अहवाल रद्द करून नवा लिहिला आणि ट्रिमिंगमध्ये सगळ्यांच्या समोर वाचून दाखवला. त्यात दोष कुणा माणसाचा लिहिला नाही. रिंग बसवायचं साधन हरवलं होतं, एवढंच लिहिलं, आणि ते खरंच होतं. शेवटी लिहिलं, ‘ट्रिमर नंबर ७ यांचं काम निर्दोष.’ आपांनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. त्यानंतर निवृत्त होईस्तोवर मी एकाही कामगाराच्या नंबरावर, त्याला समोर बसवून विचारल्याशिवाय, शिक्का मारला नाही.

हरवलेल्या टोपीसाठी आपांनीच आमच्या ठोकळ्यांच्या सुताराकडून एक निमुळती लाकडी टोपी करून घेतली, स्वतः घासून गुळगुळीत केली, आणि ओळखीसाठी आमच्या पद्धतीप्रमाणं तिच्या बुडाशी आपला नंबर कोरला. रंगनाथमामांचे अंगठे बरे झाले. गळतीची पेटी पुन्हा कधी आली नाही.

मागच्या वर्षी माझी धाकटी मुलगी, ती इंजिनिअर आहे, कामासाठी त्याच पंप कारखान्यात गेली होती. आता तिथं सगळं नवीन, मामा नाहीत, बोरसेसाहेब नाहीत. लाइनवरचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, सात नंबर दे रे. त्यानं एक निमुळती प्लास्टिकची टोपी काढून दिली. मुलीनं विचारलं, याला सात नंबर का म्हणतात, हे तर सातव्या मापाचंही दिसत नाही. कुणालाच सांगता येईना. पहिल्यापासून त्याला सात नंबरच म्हणतात, म्हणाले, आणि नवीन बनवली तरी बुडाशी सात कोरूनच येते.

मी दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून हर्सूल गाठलं. आपा आता थकल्यात, ऐकू कमी येतं. मी त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. त्यांनी मला ते परत सांगायला लावलं, मग सुनेला हाक मारली, नातवांना हाक मारली आणि मला म्हणाल्या, आता ह्यांना सांग.